देवीचे दर्शन आणि सूर्याचे गणित
(किरणोत्सवाच्या निमित्ताने)

येत्या ९ नोव्हेंबरपासून करवीरनिवासिनी श्रीमहालक्ष्मीच्या, म्हणजे आपणा सर्वांच्या अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सवास आरंभ होईल. मावळतीचा सूर्य महाद्वारातून आत येईल, गरुडमंडप ओलांडील, पितळी उंबऱ्यावरून गाभाऱ्यात शिरेल आणि काही क्षण आईच्या मूर्तीवर सोनसळी प्रकाशाचा अभिषेक करील. घंटा निनादतील, 'अंबामाता की जय' असा घोष उठेल आणि गर्दीत उभ्या असलेल्या कित्येकांचे डोळे पाणावतील. आमचेही पाणावतात. बालपणी वडिलांच्या खांद्यावर बसून आम्ही हा सोहळा प्रथम पाहिला. आता साठी उलटून गेली, तरी त्या क्षणाची ओढ तिळमात्र उणावलेली नाही.

प्रस्तुत लेख मात्र केवळ त्या सोहळ्याच्या वर्णनासाठी लिहिलेला नाही. गेल्या नवरात्रात कसबा बावड्यातील एका देवळात आमचे कीर्तन चालू असता एका लहान मुलीने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने आमची चाळीस वर्षांची एक सवय मोडली आणि श्रद्धा व विज्ञान यांच्या नात्याविषयी जे आम्ही नुसते बोलत होतो, ते प्रथमच करून पाहावे लागले. त्याची हकीकत सुज्ञ वाचकांपुढे ठेवावी, एवढाच हेतू.

सातव्या माळेचे कीर्तन

सातवी माळ होती. पूर्वरंगात आम्ही दर्शनाचा महिमा सांगत होतो. ओघाने किरणोत्सवाचा दृष्टान्त आला. नेहमीप्रमाणे आम्ही सांगितले की, सूर्यनारायण वर्षातून दोनदा आईच्या दर्शनास येतो. ९ नोव्हेंबरला तो चरणांस स्पर्श करतो, १० ला वक्षस्थळापर्यंत येतो आणि ११ ला मुखकमल उजळतो. तद्वतच ३१ जानेवारीला चरण, १ फेब्रुवारीला वक्षस्थळ आणि २ फेब्रुवारीला मुख. भक्तानेही असेच पायरीपायरीने जावे. आधी चरणी लीन व्हावे, मग हृदयाशी नाते जोडावे आणि शेवटी मुखदर्शनाची आस धरावी. हा दृष्टान्त श्रोत्यांस फार आवडतो, हे आम्हांस अनुभवाने ठाऊक होते.

इतक्यात पुढच्या रांगेतून एक दहावीतली मुलगी उठून म्हणाली, "बुवा, एक विचारू काय? नोव्हेंबरात सूर्य रोज दक्षिणेला सरकत असतोय. फेब्रुवारीत तो उत्तरेला यायला लागलेला असतोय. म्हणजे उलटा चाललेला असतोय. मग दोन्ही वेळी पाय, छाती, तोंड असा एकच क्रम कसा? एकदा तरी उलटा पाहिजे की."

मंडपात क्षणभर शांतता पसरली. मागून एक वृद्ध गृहस्थ गरजले, "ए पोरी, गप बस की! देवीच्या कामात असलं काय इचारतीस?" मुलगी ओशाळून खाली बसली. आणि आम्ही? ज्याने आयुष्यभर संस्कृत शिकविले, ज्याच्या फडताळात भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' आहे, त्या आम्ही मंद हसून "आईची लीला अगाध आहे, बाळ" असे म्हटले आणि झांजेचा ठेका धरून पुढे गेलो. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. 'लीला अगाध आहे' हे वाक्य असत्य नव्हे. परंतु ते आम्ही भक्तीने उच्चारले नव्हते. उत्तर ठाऊक नसल्याची लाज झाकण्यासाठी उच्चारले होते. देवीच्या नावाचा पडदा करून त्याआड आमचे अज्ञान लपविले होते. नवरात्राच्या सातव्या माळेला याहून मोठा अपराध तो कोणता?

शंकूची छाया

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. तिचे वडील साखर कारखान्यात नोकरीस आहेत. ते बिचारे आधीच क्षमा मागू लागले. आम्ही म्हटले, "क्षमा आम्हीच मागावयास आलो आहोत. तुमच्या लेकीचा प्रश्न खरा आहे. तिला आमच्याबरोबर गणितास बसू द्या."

मग आमच्या माळवदावर बारा अंगुळांचा एक शंकू उभा राहिला. शंकू म्हणजे सपाट जमिनीवर सरळ उभी केलेली काठी, दुसरे काही नाही. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची जी छाया पडते, तिला आपल्या ज्योतिषग्रंथांत पलभा म्हणतात. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६ अंश ४२ कला. त्यावरून येथील पलभा ३ अंगुळे ३६ व्यंगुळे येते. एका काठीच्या सावलीवरून आपले गाव पृथ्वीच्या गोलावर कोठे आहे, हे कळते. हजार वर्षांपूर्वीचा ज्योतिषी हे करीत असे आणि आजचा शाळकरी विद्यार्थीही करू शकतो.

आता सूर्याचे पाहू. सूर्य विषुववृत्तापासून जितका उत्तरेस वा दक्षिणेस असतो, त्यास क्रांती म्हणतात. किरणोत्सवाच्या दोन्ही वेळी सूर्याची दक्षिण क्रांती पावणेसतरा ते साडेसतरा अंशांच्या दरम्यान असते. हा योगायोग नव्हे. सूर्य दक्षिणेच्या टोकास पोहोचतो तो २१ वा २२ डिसेंबरला. १० नोव्हेंबर हा दिवस त्याच्या सुमारे ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी सुमारे ४२ दिवस नंतर. जाताना ज्या मुक्कामावरून सूर्य गेला, परतताना त्याच मुक्कामावर तो पुन्हा येतो. पंढरीच्या वारकऱ्याने जाता-येता एकाच गावी वस्ती करावी, तसेच हे. म्हणून किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो.

सूर्य नेमका कोठे मावळेल, हेही आपल्या ग्रंथांच्या रीतीने काढता येते. क्रांतिज्येला त्रिज्येने गुणावे आणि लंबज्येने भागावे. येते ती अग्रा. त्रिज्या ३४३८ धरली, तर १७ अंश ६ कला क्रांतीची ज्या सुमारे १०११ येते आणि कोल्हापूरची लंबज्या ३२९३. भागाकार सुमारे १०५५. त्याचा कोन १८ अंशांना किंचित कमी. अर्थात् त्या दिवसांत सूर्य ठीक पश्चिमेस मावळत नाही, तर पश्चिमबिंदूच्या दक्षिणेस सुमारे १८ अंशांवर मावळतो. आईच्या गाभाऱ्यापासून महाद्वारापर्यंतची प्रकाशाची वाट नेमकी त्याच बाजूस मोकळी आहे, म्हणून हा सोहळा घडतो. मुलीने हाच हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीने केला. आम्ही ज्या-कोष्टकाने केला. उत्तर एकच आले. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे हसू उमटले, ते आम्हांस कोणत्याही प्रसादाहून कमी वाटले नाही.

आणखी एक गंमत तिनेच शोधून काढली. नोव्हेंबरात किरणे पावणेसहाच्या आसपास येतात आणि फेब्रुवारीत सव्वासहाच्या सुमारास. क्रांती तीच, दिनमान तेच, मग घड्याळात अर्ध्या तासाचा फरक का? याचे उत्तरही आपल्या ग्रंथांत आहे. घड्याळातील मध्यम सूर्य आणि आकाशातील स्पष्ट सूर्य यांत जे अंतर पडते, ते काढण्यासाठी भुजांतर आणि उदयांतर असे दोन संस्कार सांगितले आहेत. नोव्हेंबरच्या प्रारंभी आकाशातील सूर्य घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असतो, तर फेब्रुवारीच्या प्रारंभी सुमारे साडेतेरा मिनिटे मागे. दोहोंची बेरीज अर्धा तास. मुलगी म्हणाली, "बुवा, म्हणजे सूर्य वेळेवरच येतोय. घड्याळ आपलं आहे!" या वाक्यावर एक अख्खे निरूपण होऊ शकेल.

क्रमाचे कोडे

आता मूळ प्रश्न. त्या दिवसांत सूर्याचा अस्तबिंदू रोज सुमारे तीन दशांश अंशाने सरकतो. सूर्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे. पहिल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत मावळतीची जागा साधारण एका बिंबाइतकी हलते. नोव्हेंबरात ती दक्षिणेकडे हलते आणि फेब्रुवारीत उत्तरेकडे. म्हणून आकाशाच्या हिशेबाने ९ नोव्हेंबरची जोडी ३१ जानेवारीशी जुळत नाही. ती २ फेब्रुवारीशी जुळते. ११ नोव्हेंबर जुळतो ३१ जानेवारीशी. मधला दिवस तेवढा दोन्हीकडे सारखा. एका हंगामात क्रम चरणांकडून मुखाकडे असेल, तर दुसऱ्या हंगामात, हवा तितकीच निर्मळ असता, तो उलटा दिसावयास हवा. मुलगी अगदी बरोबर बोलली होती.

मग परंपरा खोटी का? असा निष्कर्ष घाईने काढणे हेही अशास्त्रीयच होय. एका संध्याकाळी काय घडते, ते आधी पाहिले पाहिजे. ज्यांच्या घराचे दार पश्चिमेला आहे, त्या गृहिणींस हे सांगावयास नको. दुपारी ऊन उंबऱ्याशी घुटमळते. सूर्य जसजसा उतरतो, तसतसे ते आत सरकते, सोप्यातून माजघरात येते आणि सांजवेळी समोरच्या भिंतीवर चढू लागते. कारण सूर्य उंच असता दाराच्या गणेशपट्टीची सावली आतल्या भिंतीवर खोलवर पडते, आणि सूर्य खाली गेला की ती सावली वर उचलली जाते. गाभाऱ्यातही हेच होते. किरण आधी उंबऱ्याशी येते, मग चरणांशी, मग गुडघ्यांपर्यंत, कमरेपर्यंत, वक्षापर्यंत आणि सर्व काही अनुकूल असेल, तर मुखापर्यंत. सूर्य मावळता मावळता किंचित उत्तरेकडे कलतो, म्हणून प्रकाश दक्षिणेकडे, म्हणजे पश्चिमाभिमुख आईच्या डाव्या बाजूस सरकत जातो आणि विरतो.

म्हणजे चरण, वक्ष, मुख हा क्रम खराच आहे. तो प्रत्येक संध्याकाळचा क्रम आहे. कोणत्या दिवशी किरण कोठपर्यंत पोहोचेल, हे मात्र सूर्याच्या स्थानाइतकेच पश्चिमेकडील ढगांवर, धुळीवर, बाष्पावर आणि महाद्वारापुढील वस्तीतील इमारतींच्या उंचीवर अवलंबून असते. कधी किरणे कमरेशीच लुप्त होतात, कधी मुखापर्यंत जातात आणि कधी ढग असला की उंबराही ओलांडीत नाहीत. म्हणूनच अलीकडच्या वर्षांत या तीन दिवसांच्या मागचेपुढचे दिवसही पाहिले जातात.

मग तीन दिवसांची ती वाटणी आली कोठून? आमचा तर्क असा. संस्कृत साहित्यशास्त्रात एक संकेत आहे. मनुष्याचे वर्णन मस्तकापासून आरंभून पायांकडे न्यावे आणि देवतेचे वर्णन चरणांपासून आरंभून मस्तकाकडे. भक्ताची दृष्टी आधी चरणांवरच पडावी, हा त्यातील भाव. ज्या पूर्वजांनी हा सोहळा प्रथम शब्दांत मांडला, त्यांनी एका संध्याकाळचा क्रम या संकेतानुसार तीन दिवसांवर पसरला असावा. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. तो खरा की खोटा, हे दोन्ही हंगामांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवून ठरेल. अशा नोंदी ठेवणारी मंडळी कोल्हापुरात आहेत, हे सांगण्यास आनंद वाटतो. भौतिकशास्त्राचे अध्यापक आणि विद्यार्थी प्रकाशमापक यंत्रे घेऊन मंदिरात येतात, किरणांची तीव्रता मोजतात, वाटेतील अडथळे हेरतात. ते अडथळे दूर करण्याचे प्रयत्न महापालिका आणि देवस्थान समिती यांनी वेळोवेळी केले आहेत. विचार करा, आईच्या मुखावर प्रकाश पडावा म्हणून यंत्र घेऊन उभा राहणारा तो अध्यापक आणि हात जोडून उभी राहणारी ती माउली, यांत विरोध कोठे आहे? दोघांची दृष्टी एकाच कवडशावर खिळलेली असते.

ब्रह्मगुप्ताची चूक आणि आमची

विरोध मुळी नसतोच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे. म्हणूनच त्यापासून सावध असावे. विरोध होतो आणि तो पूर्वीही झाला आहे.

आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या सुमारास ग्रहण छायेमुळे होते, असे स्पष्ट सांगितले. चंद्र सूर्यास झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्रास झाकते. वराहमिहिरांनीही 'बृहत्संहिते'त राहूने बिंब गिळण्याच्या कल्पनेचा परामर्श घेऊन ती नाकारली. परंतु ब्रह्मगुप्तांसारख्या थोर गणितज्ञाने इ. स. ६२८ च्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त ग्रहणाचे गणित छायेनेच केले आणि वाद मात्र राहूच्या बाजूने घातला. पुढे चार शतकांनी अल्-बिरूनी या परदेशी पंडिताने नेमका यावरच बोट ठेवला. ज्यास सत्य ठाऊक आहे, त्याने लोकांच्या भयाने दुसरे का बोलावे, असा त्याचा रोख. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या आपल्या ग्रंथात गणित अबाधित राखले आणि पुराणातील राहू छायेत प्रवेश करतो, असे म्हणून दोहोंचा मेळ घातला.

वाचकहो, सातव्या माळेला आम्ही ब्रह्मगुप्तांची चूक केली होती. त्यांच्या विद्येचा शतांशही आमच्याजवळ नाही. चूक मात्र तीच.

आपल्या आचार्यांचे मत याविषयी फार स्वच्छ आहे. प्रत्येक प्रमाणाचे क्षेत्र वेगळे. डोळ्यांस दिसते ते प्रत्यक्षाने जाणावे, धुरावरून अग्नी अनुमानाने जाणावा आणि या दोहोंच्या पलीकडचे आहे, तेथे शब्दप्रमाण. अग्नी उष्ण असतो यासारख्या प्रत्यक्ष गोष्टीविरुद्ध श्रुतीचे वचनही प्रमाण ठरत नाही, या आशयाचे विवेचन श्रीशंकराचार्यांनी गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात केले आहे. श्रुतीवर ज्यांची अढळ निष्ठा, त्या आचार्यांचे हे मत आहे, हे ध्यानी घ्यावे. श्रद्धेने आपले क्षेत्र ओळखले की तिला भिण्याचे कारण उरत नाही. किरण कोठे पडेल हे गणिताने सांगावे. ते पडल्यावर आपले मस्तक का लवते, हे गणितास विचारू नये.

महाराष्ट्रातील पंचांगाचा वाद अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आकाशात ग्रहण एका वेळी दिसावे आणि जुन्या कोष्टकांवरून दुसरीच वेळ निघावी, अशी अवस्था झाली, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी वेधांशी जुळणाऱ्या पंचांगाचा पुरस्कार केला आणि लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाचा प्रश्न हाती घेतला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा थोर ग्रंथ मराठीत सिद्ध केला. ही मंडळी धर्मबुडवी नव्हती. एकादशीचा उपवास खऱ्या एकादशीला घडावा, अशी त्यांची तळमळ होती. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. आपला किरणोत्सव तिथीने होत नाही, सूर्याने होतो. राष्ट्रीय दिनदर्शिकेत तो दरवर्षी १८, १९, २० कार्तिक आणि ११, १२, १३ माघ या दिवशी येतो.

बंधाऱ्यावरचे पाणी

कसबा बावड्याच्या माणसास श्रद्धा आणि विज्ञान यांचे सहजीवन शिकविण्याची खरे तर आवश्यकता नाही. पंचगंगा आमच्या उशाशी आहे. श्रावणात नदीला पाणी चढले की आमच्या आयाबहिणी तिची ओटी भरतात, 'माय, आता सबूर कर' असे विनवितात. आणि त्याच रात्री घरोघर एकच प्रश्न विचारला जातो, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट?" ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे आकडे आमच्या बावड्यात पोरासोरांना पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. ओटी भरली म्हणून कोणी गुरे सोडावयाचे थांबले नाही आणि आकडा पाहिला म्हणून कोणी ओटी भरणे सोडले नाही. ओटीने धीर दिला, आकड्याने जीव वाचविला. ज्याने आकडा न पाहता नुसती ओटी भरली असती, तो बुडाला असता. आणि ज्याने ओटी न भरता नुसता आकडा पाहिला, त्यालाही पूर ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या घरात पुन्हा चूल मांडण्यासाठी कोठून तरी बळ आणावेच लागले.

अंबाबाईच्या मूर्तीचेच पाहा. शतकानुशतकांच्या अभिषेकांनी पाषाण झिजला. मूळ मूर्तीचे रक्षण व्हावे म्हणून नित्याचे अभिषेक उत्सवमूर्तीवर होऊ लागले आणि २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धन केले. त्या वेळी वादही झाले. परंतु मूर्ती झिजू नये ही इच्छा भक्ताची आणि ती कशी झिजणार नाही हे ज्ञान रसायनशास्त्राचे. या दोहोंवाचून आईचे रूप आपल्या नातवंडांस दिसणार नाही.

जेथे खरा विरोध आहे, तेथे मात्र तो स्पष्ट बोलावा. ताप आलेल्या मुलास वैद्याकडे न नेता अंगारा लावून बसविणे, सर्पदंश झाल्यावर मांत्रिकाच्या दारी वेळ दवडणे, कोणा भोंदूने दैवी सामर्थ्याच्या बतावणीने गरिबास नाडणे, ही श्रद्धा नव्हे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये अशा अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला. कीर्तनकारांस मात्र कायद्याची वाट पाहावी लागू नये. संत गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांस प्रश्नावर प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. ज्या व्यासपीठावर प्रश्न विचारणे ही परंपरा, तेथे एका मुलीचा प्रश्न आम्ही ठेक्यात बुडविला, याचे शल्य म्हणूनच अधिक.

ढग आला, पण...

गेल्या नोव्हेंबरात ती मुलगी आणि तिचे वडील आमच्यासमवेत मंदिरात आले. हातात वही, वहीत रकाने आखलेले. दिनांक, वेळ, आकाश, किरण कोठपर्यंत. आम्ही गर्दीत उभे राहिलो. महाद्वारातून पिवळा प्रकाश आत आला, मंडपाच्या फरशीवर सरकू लागला. आणि ऐन वेळी पश्चिमेस एक ढग आला. प्रकाश मंदावला. उंबऱ्यापाशीच तो विझला. गर्दीतून निःश्वास उमटला. आमच्या शेजारी कोणी पुटपुटले, "आई रुसली."

मुलगी हळूच म्हणाली, "रुसली नाही आजोबा. ढग आलाय. उद्या बघूया." मग तिने वहीत ते नोंदविले, वही काखेत धरली आणि दोन्ही हात जोडून बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. आम्ही तिला नंतर विचारले, "काय मागितलेस?" ती म्हणाली, "काही नाही. किरणं आली नाहीत तरी देवी होतीच की तिथं."

चाळीस वर्षे निरूपण करून आम्ही जे सांगू पाहत होतो, ते तिने एका वाक्यात सांगितले. सूर्य येईल वा न येईल. त्याचे येणे गणिताच्या स्वाधीन आणि ढगांच्या स्वाधीन. आई मात्र अंधारातही तेथेच आहे. ज्याची श्रद्धा किरणावर बेतलेली असेल, तिला ढगाचेही भय वाटेल आणि गणिताचेही. जिची श्रद्धा आईवर आहे, तिला दोहोंचे भय नाही.

आता आम्ही कीर्तनात तो दृष्टान्त निराळ्या रीतीने सांगतो. चरण, वक्ष, मुख हा क्रम एका संध्याकाळचा म्हणून सांगतो, दोन हंगामांचे गणित सांगतो आणि हा प्रश्न बावड्याच्या एका लेकीने विचारला, हेही सांगतो. आरंभी भीती होती की श्रोते विटतील. तसे झाले नाही. परवाच्या कीर्तनानंतर ते गरजलेले वृद्ध गृहस्थ आमच्यापाशी आले आणि म्हणाले, "बुवा, ती काठी कशी उभी करायची, मला बी दावा की." त्यांच्या अंगणात आता शंकू उभा आहे.

येत्या ९, १० आणि ११ तारखेस आपण दर्शनास याल, तेव्हा धक्काबुक्की करू नये, स्त्रियांना आणि वृद्धांना वाट द्यावी, आणि घरच्या मुलांना अवश्य सोबत आणावे. त्यांनी काही विचारले, तर त्यांना गप्प करू नये. उत्तर येत असेल, तर सांगावे. येत नसेल, तर 'ठाऊक नाही, दोघे मिळून शोधू' असे म्हणावे. आम्हांस हे वाक्य म्हणावयास साठ वर्षे लागली. आपणांस तितकी लागू नयेत, एवढीच करवीरनिवासिनीच्या चरणी प्रार्थना.